मास्क संध्याकाळी परत घेतात

नंदे, तुझ्या युनिटवाल्यांनी तुझी शोकसभा घेतली. जेवणाच्या सुट्टीतली शेवटची पंधरा मिनिटं तुझ्या वाट्याला आली. पॅकिंगच्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर तुझा फोटो, फोटोला झेंडूचा हार. फोटो बघितला आणि माझं डोकंच फिरलं. तू टेबलापाशी उभी आहेस, हनुवटीखाली तो हवा गाळणाऱ्या दोन डब्यांचा रबरी मास्क लटकतोय आणि तू हसते आहेस. एकवीस वर्षं तू चारकोपच्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये परदेशी जाणाऱ्या कपड्यांवरचे डाग काढलेस आणि त्यांच्याकडे तुझा हा एवढाच एक फोटो निघाला, ऑडिटच्या दिवशीचा. त्या दिवशी तुला मास्क मिळाला होता.

साळवी सुपरवायझर दोन शब्द बोलले. "नंदाताई म्हणजे आमच्या फॅमिली मेंबर होत्या," म्हणाले. मग घंटा झाली आणि बायका आपापल्या मशिनवर गेल्या. मी फोटोसमोर उभी राहिले. साळवींना तिथेच चार शिव्या हासडाव्यात असं फार वाटत होतं, पण हासडल्या नाहीत. कारण त्या फोटोच्या दिवशी मीही तिथेच होते, आणि बंद दाराआड मी काय केलं ते तुला आणि मला सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "शुभे, सरळ बोल की. प्रस्तावना कसली करतेस?" करते आहे. तीस वर्षं वर्गात शिकवून लागलेली खोड आहे ती, एका दिवसात जायची नाही.

तुझे बाबा आणि माझे अण्णा, दोघेही मालवणकडचे, एकाच गिरणीत एकाच खात्यात. गिरणी बंद पडली आणि दोघेही बिऱ्हाड घेऊन चारकोपला आले. आपण तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या. बाहेरच्या देशांच्या बँकेचं कर्ज काढून सरकारने आखलेले ते प्लॉट, चार वीत जागा आणि कोपऱ्यात संडासाचं भांडं, बाकी घर तुमचं तुम्ही बांधा. पुढे एम.ए.ला मी त्याच योजनेवर प्रश्न सोडवला. आपल्यासारख्यांना पुस्तकात 'लाभार्थी' म्हणतात हे मला तेव्हा कळलं आणि मी धावत येऊन तुला सांगितलं. तू धुणं वाळत घालत होतीस. म्हणालीस, "लाभ कसला गो? नळ यायला तीन वर्षं लागली."

तुझा हा स्वभाव मला आधी मजेचा वाटायचा, मग टोचायला लागला. मी बोरिवलीच्या कॉलेजात लागले, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थव्यवस्था आणि जागतिक दारिद्र्य शिकवू लागले. तू बारावीनंतर कामाला लागलीस, कारण बाबांनी अंथरूण धरलं होतं. पुस्तकी डोकं खरं तर तुझं होतं. दहावीपर्यंत माझी गणितं तूच सोडवून द्यायचीस. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.

आपला रविवार ठरलेला. तू सकाळी बाजारातून मासे घेऊन माझ्याकडे यायचीस, ओट्याशी बसून साफ करायचीस आणि विचारायचीस, "काय शिकवलंस आठवडाभर?" मी सांगायचे. एकदा तुलनात्मक लाभ सांगितला. म्हटलं, ज्या देशाला जे तुलनेने स्वस्तात करता येतं ते त्याने करावं, बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं, म्हणजे दोघांचंही भलं होतं.

"मग आपल्या देशाकडे स्वस्त काय?"

"श्रम."

"म्हणजे मी," तू म्हणालीस आणि सुरमईचं डोकं वेगळं केलंस.

दुसऱ्या एका रविवारी मी दारिद्र्यरेषेचे निकष सांगत बसले होते. त्या हिशेबाने तू रेषेच्या बरीच वर होतीस, हे मी तुला आनंदाची बातमी सांगावी तसं सांगितलं. "अरे वा, वर आहे मी?" म्हणालीस. "बरं झालं. तिथून दिसतं काय?" मी हसले. सोमवारी वर्गात तो विनोद माझा म्हणून सांगितला. पोरंही हसली.

आणि ती शिडी! कपड्यांचे कारखाने ही गरीब देशांसाठी विकासाच्या शिडीची पहिली पायरी असते, असं मी शिकवायची. अजूनही अभ्यासक्रमात आहे ते. तू शांतपणे ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "वीस वर्षं पहिल्याच पायरीवर उभी आहे मी. गुडघे दुखायला लागले. पुढची पायरी कुठल्या इस्टेटमध्ये आहे, तेवढं विचारून ठेव." त्या दिवशी मात्र मला राग आला. तुला सिद्धांत कळत नाही, तू सगळं स्वतःवर ओढून घेतेस, असं मी म्हणाले. तू मालवणीवर आलीस, म्हणजे तूही रागावलेली होतीस. "तुका काय कळाचा नाय गो," म्हणालीस आणि हात धुवायला उठलीस.

खरंच कळत नव्हतं. नाहीतर बांगड्यांच्या वेळी तरी कळलं असतं. दोन पावसाळ्यांपूर्वी तू बांगडे घेऊन आलीस आणि पिशवी उघडताच मला वास आला. चक्क नासलेले. मी नाक धरून म्हटलं, "मालवणची ना तू? तुला एवढंही कळू नये? कोळणीने चांगलंच बनवलं तुला." तू पिशवीत नाक घातलंस, परत घातलंस. मग माझ्याकडे बघितलंस आणि पिशवीला गाठ मारलीस. वास येणं बंद झालं होतं तुझं. ती पिशवी मी खाली कचऱ्यात टाकून आले आणि वर येईपर्यंत तुझी थट्टाच करत होते. आता ते आठवलं की मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तुझं काम मी वर्गात 'फिनिशिंग विभाग' या दोन शब्दांत उरकायची. प्रत्यक्षात काय होतं ते तू मला एकदा युनिटमध्ये नेऊन दाखवलंस. शिवताना कपड्याला मशिनचं तेल लागतं. तो डाग असलेला शर्ट तुझ्या टेबलावर येतो. हातात पिस्तुलासारखी गन, तिला जोडलेल्या बाटलीत ते पातळ रसायन. नेम धरून फवारा मारायचा, डाग विरतो, मग हवेने वाळवायचं. डाग जातो कुठे, तर वाफेतून वर, तुझ्या तोंडावर. असे दिवसाला शेकडो शर्ट. टेबलापलीकडे एक पंखा होता, तो वाफ तुझ्याकडेच ढकलायचा. रसायनाचा कॅन मी उचलून बघितला, त्यावरचं लेबल खरवडून काढलेलं. तुम्ही बायका त्याला नुसतं 'पाणी' म्हणायचात. तोंडाला ओढणी बांधायचात, आणि दुपारपर्यंत ती ओढणीच ओली व्हायची.

आता त्या दिवसाबद्दल.

माल घेणारी परदेशी कंपनी दर दोनेक वर्षांनी आपली माणसं पाठवते. कामगारांना नीट वागवतात का, ते तपासायला. याला सामाजिक ऑडिट म्हणतात. कपड्याच्या लेबलवर मग एक हिरवं पान छापता येतं. ऑडिट करणाऱ्या एजन्सीला मराठी-हिंदी-इंग्रजी येणारी बाई हवी होती, कॉलेजातल्या कुणीतरी माझं नाव सुचवलं. युनिट तुझंच निघालं. तू माझी मैत्रीण आहेस हे मी एजन्सीला सांगितलं नाही. पहिला खोटेपणा तो.

तुमच्याकडून साळवींनी आठवडाभर उत्तरं घोकून घेतली होती. दहा प्रश्न, दहा उत्तरं, ओळीने. सकाळी मास्क वाटले, कोरे करकरीत. डब्यांच्या तोंडावरची चिकट फिल्म काढायची नाही असं बजावलं, कारण संध्याकाळी मास्क परत पाकिटात जायचे होते. आता फिल्म न काढता मास्क लावला तर श्वास कुठून घेणार? मग तुम्ही गालापाशी फट ठेवून श्वास घेत होतात आणि त्या फटीतूनच वाफ आत जात होती. हे मला तू नंतर सांगितलंस.

ऑडिटर बाई गोरी, पन्नाशीची, स्वभावाने बरी वाटली. सॅम्पल रूममध्ये दार लावून एकेका बाईला बोलवत होती. आत आम्ही दोघी आणि समोर ती कामगार, सुपरवायझरला मज्जाव. तिने दुसरा प्रश्न गाळून थेट तिसरा विचारला आणि सगळा गोंधळ उडाला. कारण बायकांनी उत्तरं ओळीने पाठ केली होती, प्रश्न कुणी नीट ऐकतच नव्हतं. "रजा कशी मिळते?" या प्रश्नाला पहिलीने ठणकावून सांगितलं, "दोन आहेत, एक लेडीज, एक जेन्ट्स." "पिण्याचं पाणी कुठे मिळतं?" तर दुसरी म्हणाली, "पगारी." मला हसू आवरेना. मी उत्तरं जागच्या जागी लावून इंग्रजीत सांगत गेले, रजेला रजेचं, पाण्याला पाण्याचं. मला वाटलं, मी या बिचाऱ्यांना सांभाळून घेते आहे. दुसऱ्याच्या तोंडचं उत्तर बदलणं किती सोपं असतं ते मला त्या तासाभरात कळलं.

मग तू आलीस. बाईने फोटो काढला, तू हसलीस. माझ्याकडे ओळख दाखवली नाहीस, फक्त डोळ्यांनी एकदा बघितलंस. बाईने विचारलं, मास्क किती वेळा बदलून मिळतो? घोकलेलं उत्तर 'दर सोमवारी' हे होतं. तू सरळ बसलीस आणि स्वच्छ आवाजात म्हणालीस, "मास्क आज सकाळी दिलाय. संध्याकाळी परत घेतात."

नंदे, मी घाबरले. एका क्षणात माझ्या डोक्यात माझी सगळी टिपणं फिरली. खरेदीदार बिथरला तर ऑर्डर इथून उठून दुसऱ्या देशात जाईल, तिथली बाई तुझ्याहून स्वस्त असेल, युनिटला टाळं लागेल, चाळीस बायका घरी बसतील. आपल्या बापांची गिरणी बंद झाली तेव्हा घरात काय होतं ते मी बघितलं होतं. बाई पेन धरून माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजीत म्हणाले, "एव्हरी वीक." तिने लिहून घेतलं. तू माझ्याकडे बघत राहिलीस. बाईने शेवटचा ठरावीक प्रश्न विचारला, आणखी काही सांगायचंय का? तू मान हलवून नाही म्हणालीस आणि उठलीस.

त्या रविवारी तू मासे न घेताच आलीस. चपला काढता काढता म्हणालीस, "मी वीक बोलले नव्हते."

मी तुला पाऊण तास शिकवलं. बसलीस आणि ऐकलंस. जागतिक साखळीत खरेदीदाराच्या हातात सगळं असतं, एका देशाने मजुरी किंवा नियम थोडे वाढवले की माल दुसरीकडे वळतो, म्हणून सगळेच देश खाली खाली जायची शर्यत लावतात, एकट्यादुकट्याने खरं बोलून काही होत नाही. सगळं बरोबर होतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात. तू एवढंच विचारलंस, "तू मला वाचवलंस की त्या साखळीला?" मी म्हटलं, तुलाच. तू म्हणालीस, "तू आत होतीस म्हणून मी बोलले, शुभे. दुसरी कोण असती तर सोमवारच सांगितला असता."

तीन रविवार तू आली नाहीस. चौथ्या रविवारी दारात उभी, हातात सुकटीची पुडी. "सुकट नासत नाही, म्हणून आणली," म्हणालीस. मी बघितलं तर तू हसत होतीस. त्या दिवसानंतर आपण त्या विषयावर एक शब्द बोललो नाही. मी माफी मागितली नाही. आपल्यात माफी कसली मागायची, असं मी स्वतःला सांगत राहिले. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

आणि तू तर माझ्या आईचंही केलंस. ती शेवटच्या वर्षी पडून होती तेव्हा तू कामावरून परस्पर यायचीस आणि तिची वेणी घालायचीस. मला ते जमायचं नाही, माझ्या हाताला घाई. आई म्हणायची, नंदाच्या हाताला औषधाचा वास येतो. आम्हाला वाटायचं, म्हातारीला भास होतात.

यंदा तू आधी खोकल्याने आणि मग काविळीने आडवी झालीस. डॉक्टर तरुण होता, मनापासून विचारत होता. "कुठल्या रसायनाशी संपर्क? नाव कळलं तर बरं." मी साळवींना फोन केला. "स्पॉटिंगचं लिक्विड हो मॅडम, सगळीकडे वापरतात," ते म्हणाले. नाव? "बघून सांगतो." अजून बघताहेत. डॉक्टर म्हणाला, यकृत आणि फुप्फुसं दोन्ही गेलीत, कशामुळे ते खात्रीने सांगता येणार नाही. तुझ्या मृत्यूच्या कागदावर दोन अवयवांची नावं आहेत. गन नाही, कॅन नाही, पंखा नाही, साखळी नाही. एक बाई शर्टाच्या डागासारखी विरून गेली आणि कुणाचं काही चुकलं नाही. आणि तिकडे कुठल्याशा थंड देशातल्या दुकानात हिरव्या पानाचं लेबल लावून तो शर्ट टांगलेला असेल, गिऱ्हाईक ते पान बघून समाधानाने शर्ट घेत असेल. त्या गिऱ्हाइकावर तरी मी किती चिडू? त्या पानामागे जो रिपोर्ट आहे तो माझ्या इंग्रजीतला आहे.

तुझ्या बाराव्याला तुझ्या घरी युनिटमधल्या बायका आल्या होत्या. तुझी पल्लवी चहा देत होती. तिला बघवत नाही गं, तुझ्यासारखीच कपाळाला आठ्या घालून गाळणं धरते. तिने कपाटातून तुझ्या साड्या काढल्या, तर साड्यांच्या खाली तो मास्क निघाला. तू परत दिलाच नव्हतास. डब्यांवरची फिल्म तशीच होती. तुझ्या शेजारच्या टेबलावरची लता, आता ती तुझ्या जागी बसते, मास्ककडे बघून म्हणाली, "ठेवून काय केलंन? बोलायची वेळ आली तेव्हा तर नंदाताई गप्प बसली."

मी विचारलं, म्हणजे काय?

तेव्हा मला कळलं, नंदे. ऑडिटच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तुम्ही आठ जणींनी ठरवलं होतं की मास्कचं खरं सांगायचं. सगळ्या बोलल्या तर सगळ्या अडकतील, म्हणून एकीने बोलायचं. तू म्हणालीस, मी बोलते. मग रिपोर्ट आला, नोटीस बोर्डावर लागला, त्यात लिहिलं होतं की सुरक्षासाधनं नियमित मिळतात. बायकांनी तुला जाब विचारला आणि तू सांगितलंस, "आयत्या वेळी माझी हिंमत झाली नाही." दोन वर्षं त्या तुला 'साहेबांची नंदा' म्हणत होत्या. लता सहा महिने तुझ्याशेजारी बसून डबा उघडत नव्हती. आणि तू दर रविवारी माझ्याकडे येऊन मासे साफ करत होतीस, मला विचारत होतीस, काय शिकवलंस आठवडाभर.

का गं? माझं नाव सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? माझी कॉलेजातली अब्रू गेली असती, एवढंच ना? ती तुझ्या अब्रूपेक्षा महाग होती का? मला तुझा राग येतो, खरंच येतो. तू मला न विचारता माझं ओझं उचललंस आणि मी तुला न विचारता तुझं बोलणं बदललं. पण आपल्या दोघींत किंमत तू एकटीने दिलीस.

मी तिथेच, तुझ्या फोटोसमोरच्या चटईवर बसून सगळं सांगितलं. तू काय बोललीस आणि मी काय सांगितलं. पल्लवी दारात उभी राहून ऐकत होती. लताने हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं उठून मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात परत ऑडिट आहे, एजन्सीने मलाच बोलावलंय, मी नाही म्हणून कळवते.

"नाही कशाला कळवता?" लता म्हणाली. "या तुम्ही, शुभाताई. फक्त आमचं भलं करू नका. आम्ही खरं बोलू, खोटं बोलू, आमचं आम्ही बघू. तुम्ही जसंच्या तसं सांगा. तेवढं जमेल?"

मी हो म्हटलं.

परवा ते ऑडिट झालं. काल एजन्सीचा फोन आला, यापुढे मला बोलावणार नाहीत. ऑर्डर राहील की जाईल, मला माहीत नाही. जाऊही शकते. तेव्हा मी ज्याला घाबरले ते सगळं आजही खरं आहे आणि चाळीस बायकांच्या चुली आजही त्यावरच आहेत. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

परवाही तीच सॅम्पल रूम, तीच ऑडिटर बाई. सकाळी मास्क वाटलेले. लता आली आणि बसली. बाईने विचारलं, मास्क किती वेळा बदलून मिळतो? लताने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत राहिले, माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळू नये म्हणून. तिच्या घरी दोन पोरं आणि आजारी सासू आहे.

"दर सोमवारी," लता म्हणाली.

मी सांगितलं, दर सोमवारी. दात आवळून सांगितलं, पण सांगितलं. बाईने लिहिलं. पाणी झालं, रजा झाली, सगळं ओळीने झालं. मग तो शेवटचा प्रश्न, आणखी काही सांगायचंय? लता उठायला लागली, अर्धी उठली आणि परत बसली.

"मी नंदाताईच्या जागेवर बसते," ती म्हणाली. "नंदाताई कुठे गेली ते विचारा."

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. बाईने पेन खाली ठेवलं. जुना रिपोर्ट उघडला, पानं उलटली आणि तुझ्या फोटोवर थांबली. ही? तिने विचारलं. लता म्हणाली, "हो. गेली ती. तेव्हा ती काय बोलली होती ते यांना विचारा," आणि माझ्याकडे बोट केलं.

मी आधी मराठीत म्हटलं, तू म्हणालीस तसंच, मग इंग्रजीत. मास्क आज सकाळी दिलाय. संध्याकाळी परत घेतात.

बाईने कागदावर बोट ठेवलं. "इथे 'दर आठवड्याला' लिहिलंय. तुम्हीच तसं सांगितलं होतं."

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "ती तसं म्हणाली नव्हती."

बाहेर साळवींच्या चपला वाजत होत्या. लताच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तिने पुसलं नाही. मग तिने गळ्यातला मास्क काढला, फिल्म लावलेले दोन्ही डबे बाईला दिसतील असा टेबलावर ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांना सांगा, माझं सोमवारचं खोडा."

मी जसंच्या तसं सांगितलं, नंदे.